अडुसष्टावं मिनिट

हायडेलबर्ग, ३ नोव्हेंबर २०२४

समर,

आधी 'चि. समर यास अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग कागद बदलला. थोरल्या बहिणीचा तो हक्क माझ्याकडे उरलाय की नाही, हे तू ठरव.

पत्ता आईकडून घेतला. तिनं फोन नंबरही दिला असता. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास, तर पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नसती. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

आई सांगत होती, कराडला तू मुलींचा कबड्डी संघ उभा केलास. दोघी विद्यापीठात खेळल्या, एक पोलिसात लागली. सांगताना तिचा आवाज इतका खुलला होता की मध्येच 'हात कसा आहे त्याचा?' हे विचारणं मला जड गेलं. 'डावा तसाच आहे,' ती म्हणाली, 'पण उजव्यानं सगळं करतो.' 

माझं ठीक चाललंय. हॉस्पिटलमध्ये हाडं जोडते. जयंतची नोकरी वाल्डॉर्फला, सॉफ्टवेअरमध्ये. तुझी भाची अन्वी नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते.

तीन वर्षांपूर्वी इमर्जन्सीत एक मुलगी आली. खांदा निखळलेला, अंगभर चिखल. नाव योहाना, धंद्यानं सुतार. मी खांदा बसवत होते आणि ही दात-ओठ खात मला विचारत होती, "आमच्या फेराइनला डॉक्टर नाहीये. तू येशील? पैसे नाहीत, सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड मिळेल." फेराइन म्हणजे आपल्याकडच्या तालमीसारखं इथलं मंडळ. हा बायकांचा रग्बी क्लब, नेकार नदीच्या काठावर मैदान. मी हो कशी म्हणाले, कळलं नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास गाडीतच बसून होते. मिरजेच्या सामन्यानंतर मैदानाच्या कडेला कधी उभीच राहिले नव्हते रे. तो सामना तुलाही आठवतो आणि मलाही. हे पत्र त्याबद्दल नाही.

हे पत्र सोळा तारखेबद्दल आहे. त्या दिवशी या क्लबची गाठ फिजीच्या राष्ट्रीय संघाशी आहे! ते युरोपच्या दौऱ्यावर आलेत, दोन मोठ्या सामन्यांच्या मध्ये त्यांना सरावाला एक सामना हवा होता. आमचा कोच एमरिस यानं त्यांना हातानं पत्र लिहिलं आणि ते चक्क हो म्हणाले. तिकडे सगळ्या कसलेल्या खेळाडू. आमच्याकडे एक सुतार, एक नर्स, एक ट्रामची ड्रायव्हर, दोन शिक्षिका आणि पिवळ्या सायकलवरून टपाल वाटणारी झिल्के.

एमरिस वेल्सचा. चौसष्ट वर्षांचा आहे, तिथल्या एका खाणीच्या गावातला. एकवीस वर्षांचा असताना त्याच्या गावच्या क्लबनं असाच एक दौऱ्यावर आलेला परदेशी राष्ट्रीय संघ अंगावर घेतला होता. दुकानं बंद, शाळा बंद, खाणीची पाळी बदललेली. तीन गुणांनी हरले, पण शेवटच्या दहा मिनिटांत एमरिसनं त्यांच्या सगळ्यांत दांडग्या गड्याला रेषेवर आडवा केला. गावात त्या पकडीबद्दल अजून बोलतात म्हणे. परवा सरावानंतर मुलींनी त्याला तीच गोष्ट सांगायला लावली. सगळ्या कपडे बदलायला गेल्यावर तो मला म्हणाला, "डॉक, त्यातलं एक मी त्यांना सांगत नाही. ती पकड मला आठवत नाही. त्याआधीच माझ्या डोक्याला लागलं होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट अख्ख्या गावानं पाहिली, फक्त मी सोडून."

 घरी आले आणि आईला तुझा पत्ता विचारला.

नीलांबरी


हायडेलबर्ग, १७ नोव्हेंबर २०२४

समर,

पहिलं पत्र पोचलं असेल की नाही, माहीत नाही. उत्तर येईपर्यंत थांबणार होते. पण कालचा सामना तुझ्याशिवाय कुणाला सांगू? जयंतला खेळातलं कळत नाही. तुला रग्बी माहीत नसेल, तरी हा खेळ तुझ्या रक्तातला आहे. चेंडू काखेत घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. हातानं पास द्यायचा तर फक्त मागे. आणि चेंडू ज्याच्या हातात, त्याला धरून पाडायचं. पकडच ती. योहाना यात तुझी जागा खेळते असं समज. चढाई कुठून येणार ते हिला आधी कळतं.

एरवी आमच्या सामन्याला शंभर माणसं येतात. काल हजारावर होती. धुकं होतं, मैदान ओलं, आणि फिजीच्या मुली रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा अन्वी माझ्या मागे सरकली. इतक्या त्या दणकट! पण त्यांच्यातल्या आठ नंबरच्या मुलीनं तिच्याकडे बघून डोळा मारला, तशी ही पुन्हा पुढे आली.

पंचवीस मिनिटांत पंधरा-शून्य. तीन वेळा त्या आमच्यातून अशा निघून गेल्या, जणू मैदानावर कुणी उभंच नव्हतं. माझ्या मागचा एक माणूस बायकोला म्हणाला, "पन्नासच्या आत राहिलं तरी पुष्कळ." मलाही तसंच वाटलं. एमरिस मात्र खिशात हात घालून शांत उभा. तो एकदाच ओरडला, "पायात घुसा! वर धरून काय नाचताय?"

आणि मग योहाना पायात घुसायला लागली. समर, तू असायला हवा होतास. आपल्यापेक्षा वीस किलोनं जड पोरगी सुसाट येतेय आणि ही गुडघ्याखाली खांदा घालून तिला मुळासकट उपटतेय. एकदा नाही, दोनदा नाही, मी अकरापर्यंत मोजलं. प्रत्येक वेळी उठून पहिलं काम काय, तर बाजूच्या मुलीला हात देऊन उभं करायचं. एकीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. झिल्के तर बदली खेळाडू म्हणून बाकावर होती, ती बसल्या जागी ओरडून घसा बसवून बसली. मध्यंतराच्या जरा आधी ट्राम ड्रायव्हरनं चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि त्यावरची किकही आत गेली. सात-पंधरा. दुसऱ्या डावात किकचे तीन मिळाले, दहा-पंधरा. एकसष्टाव्या मिनिटाला पंधराजणींनी मिळून एकेक पाऊल ढकलत चेंडू नेला. पंधरापैकी कुणी टेकवला ते मला अजून माहीत नाही. किकही आत, सतरा-पंधरा. आम्ही पुढे! मागचा तो माणूस बायकोला सोडून माझ्याच गळ्यात पडला.

सामना ऐंशी मिनिटांचा असतो. अडुसष्टाव्या मिनिटाला ती आठ नंबर एकटी सुटली. समोर मोकळं मैदान. योहाना आडवी धावली आणि रेषेच्या हातभर अलीकडे तिला खाली घेतलं. मैदान नुसतं पेटलं. सगळे चेंडूकडे बघत होते, मी योहानाकडे. त्या मुलीच्या कमरेचं हाड हिच्या कानशिलावर बसलेलं मी पाहिलं होतं. योहाना उठली. आणि बाजूच्या मुलीला हात द्यायचं विसरली.

बास, एवढंच. बाकी कुणाला काही दिसलं नाही. मी पंचाला हात करून आत पळाले.

"कितवा डाव?" मी विचारलं.

"दुसरा. डॉक, जा बाहेर. मी ठीक आहे."

"गुण किती?"

ती फलकाकडे बघायला लागली. मग माझा दंड धरून तिनं माझ्या कानात एक वाक्य सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकल्यावर मला ठरवायला काही उरलंच नाही.

"तू बाहेर चल," मी म्हणाले.

"बारा मिनिटं! फक्त बारा मिनिटं, नीला, प्लीज. पुन्हा आयुष्यात हे येणार नाही."

तिचं खरंच होतं. असा सामना तिच्या आयुष्यात पुन्हा येणार नाही, आणि हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. इकडे नियम असा आहे की डॉक्टर म्हणाला डोक्याला लागलंय, तर खेळाडू बाहेर, परत आत नाही. कोचलाही बोलता येत नाही. तरी मी एमरिसकडे पाहिलं. त्यानं टोपी काढली, झिल्केच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल, तू." मला एका शब्दानं विचारलं नाही.

योहाना रडत बाहेर आली. मैदानाच्या कडेनं लोक ओरडत होते. काही तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते, काही मला शिव्या देत होते.

झिल्केचं वय छत्तीस, दोन मुलं, वर्षभरात पूर्ण सामना खेळलेली नाही. नऊ मिनिटं ती आणि बाकीच्या रेषेवर भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला फिजीची एक मुलगी झिल्केच्या खांद्यावरून निसटली आणि वीस-सतरा झालं. शेवटच्या क्षणी आम्हाला पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर बरोबरी. कर्णधार योहाना बाहेर, नर्स उपकर्णधार होती, तिनं बाकीच्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी मानेनंच नाही म्हटलं. जिंकायला गेल्या. रेषेपासून हातभर अंतरावर आठ-दहाजणींच्या ढिगाखाली चेंडू अडकला आणि शिट्टी वाजली.

हरलो. पण लोक जागचे हलेनात. पाच-सात मिनिटं नुसत्या टाळ्या. फिजीच्या मुलींनी गुडघ्यावर बसून गोल केला आणि आमच्या मुलींना हाताला धरून आत ओढलं. मग त्यांनी त्यांच्या भाषेत देवाचं गाणं म्हटलं, तीन-चार सुरांत. धुक्यात ते असं काही वाटत होतं की मला सांगता येणार नाही.

ती आठ नंबर मात्र गोलात नव्हती. ती बाकावर योहानाशेजारी जाऊन बसली होती. योहानाला ती पकड आठवत नव्हती. ती मुलगी तिला मोडक्या-तोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सगळं सांगत होती. मी कुठून आले, तू कुठून आलीस, मला वाटलं आता कुणी नाही, आणि तू कशी मध्येच उगवलीस. सांगून झालं की योहाना म्हणायची, "पुन्हा सांग." तिनं तीनदा सांगितलं.

एमरिस लांबून बघत होता. त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण गेले नाही.

गाडीकडे जाताना एकजण मला म्हणाला, "तर मग, फ्राउ डॉक्टर, जिंकलेला सामना तुम्ही घालवलात."  योहानाला हॉस्पिटलमध्ये नेऊन स्कॅन केला. स्कॅन स्वच्छ आहे. म्हणजे मी बरोबर होते की नाही, हे कुणालाच कधी कळणार नाही, मलासुद्धा. ती माझ्याशी बोलत नाहीये.

उरलेलं आत्ता लिहिता येत नाही.

नीलांबरी


हायडेलबर्ग, २४ नोव्हेंबर २०२४

समर,

योहाना माझ्या कानात म्हणाली होती, "मला दोन-दोन दिसतंय. कुणाला सांगू नकोस."

आता तुला कळलं असेल, मी मागच्या वेळी का थांबले.

तूही हेच म्हणाला होतास. मिरजेला, मध्यंतरात, पाण्याच्या पिंपाजवळ. "ताई, दोन-दोन दिसतंय. बाबांना सांगू नको." पहिल्या डावात कुणाचा तरी गुडघा तुझ्या डोक्यात बसला होता. मी इंटर्न होते, तेवीस वर्षांची, पण एवढं कळायला इंटर्न असणंही लागत नाही. तू म्हणालास, "वीस मिनिटं फक्त." राज्य संघ निवडणारे दोघं समोर खुर्च्यांवर बसले होते. मी म्हणाले, "जा."

आजवर मी स्वतःला सांगत आले की तुझं मन मोडवेना म्हणून म्हणाले. ते खरं नाही. तू निवडला जावास हे तुझ्याइतकंच मला हवं होतं. आमच्या कॉलेजातल्या मुलींना मी सांगून ठेवलं होतं, माझा भाऊ महाराष्ट्राकडून खेळणार.

पुढच्या चढाईत तू पडलास आणि उठला नाहीस. ऑपरेशननंतर सांगलीच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाबांनी मला विचारलं, "त्याला आधी काही होत होतं का? तुला काही बोलला होता?" मी म्हणाले, "नाही. काहीच नाही." तू शुद्धीवर आल्यावर त्यांनी तुला विचारलं, "लपवलंस का?" तू माझ्याकडे पाहिलंस. डोक्याला पट्ट्या, डावा हात पांघरुणावर तसाच पडलेला. आणि तू म्हणालास, "हो."

मी तिथेच उभी होते, समर. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता.

त्यानंतर बाबा तुला 'हट्टी' म्हणाले, 'खोटारडा' म्हणाले, तू घर सोडून कराडला गेलास, तरी तू कधी ते वाक्य मागे घेतलं नाहीस. मी इकडे यायला निघाले तेव्हा तू निरोपाला आला नाहीस, आणि सगळ्यांनी तुलाच नावं ठेवली. वीस वर्षांच्या मुलात एवढा मोठेपणा कुठून आला, हे मला अजून कळलेलं नाही. मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी होते.

बुधवारी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, 'जा' म्हणाले तेही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.

"सोळा वर्षं मी त्या पोराला खोटारडा म्हणतोय," ते म्हणाले. "त्याच्या तोंडावर म्हणालोय. लग्नाकार्यात चारचौघांत म्हणालोय." मग म्हणाले, "तुझ्याशी मला आत्ता बोलता यायचं नाही, नीलू." आणि फोन आईकडे दिला.  नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मेसेज केला की बाबा सकाळच्या एसटीनं कराडला गेले. गुडघे दुखतात म्हणून ते कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नव्हते.

तुझ्या दारात त्यांनी काय म्हटलं, तू काय म्हणालास, मी आईला विचारलेलं नाही. मला ते कळायचा हक्क नाही. मी माफीही मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू आधीच माझ्यासाठी पुष्कळ बोललायस.

गुरुवारी योहाना तपासायला आली. सगळ्या चाचण्या केल्या, डोळे, तोल, आठवण. जाताना दारात थांबून म्हणाली, "मी अजून चिडलेली आहे."

"गेनाऊ," मी म्हणाले. "बरोबर, असणारच."

"पण पुढच्या सीझनलाही कडेला तूच हवीस. दुसऱ्या डॉक्टरला मी गंडवलं असतं."

नीलांबरी


हायडेलबर्ग, ९ मार्च २०२५

समर,

तुझं पत्र जानेवारीतच आलं. अक्षर ओळखीचं होतं, जरा मोठं झालंय इतकंच. उशीर मुद्दाम केला, कारण तू एकच प्रश्न विचारला होतास आणि त्याचं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की न बघता लिहू शकते: "बाबा येऊन चार दिवस राहिले. पहिल्या दिवशी ते रडले, दुसऱ्या दिवशी मैदानावर आले आणि माझ्या पोरींना चुकीचं शिकवायला लागले. तुझ्यावरचा राग गेला असं लिहिणार नाही. कमी झाला असंही नाही. ती योहाना पुन्हा खेळली का?"

राग असू दे. तू तो लिहिलास, हे मला पुष्कळ झालं.

आई म्हणाली, तुझ्या संघात एकीला जरा जरी डोक्याला लागलं तर तू तिला महिनाभर बसवतोस, मग समोर आमदाराचा कप असो नाहीतर आणखी काही. गेल्या वर्षी त्यापायी अंतिम सामना घालवलास आणि पालक भांडायला आले. तुला हे कुणी शिकवलं नाही, समर. तुझ्या बाबतीत जे झालं त्यातून दुसऱ्या कुणी कडवटपणा काढला असता. तू त्यातून पोरींना सांभाळणं काढलंस. बहीण म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांगते, असा कोच मी इथेही एकच पाहिला. एमरिसला तुझ्याबद्दल सांगितलं. त्यानं तुझं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

मे महिन्यात अन्वीला घेऊन येतेय. सांगलीला उतरू. तू बोलावलंस तर कराडला येईन, नाही बोलावलंस तर अन्वी एकटी आजोबांबरोबर येईल. ती मामाला बघायला उतावीळ झालीये.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हिवाळ्यात इथे सामने नसतात, म्हणून इतके दिवस गेले. सीझन काल सुरू झाला. धुकं नव्हतं, ऊन होतं, माणसं नेहमीची शंभरएक. झिल्के पहिल्यापासून संघात होती, आता तिला कुणी बाकावर बसवत नाही. योहाना सात नंबरची जर्सी घालून उतरली. फार काही चांगली खेळत नव्हती. पहिलाच पास हातातून सुटला, दुसऱ्याला उशिरा पोचली. चार महिन्यांचा गंज होता. 

विसाव्या मिनिटाला समोरची एक धिप्पाड मुलगी थेट तिच्यावर आली. योहाना वाकली, खांदा पुढे केला. आणि मी डोळे मिटले. डॉक्टरनं मैदानाच्या कडेला असं करायचं नसतं, पण मी केलं. अंगावर अंग आदळल्याचा आवाज आला. मग शंभर माणसांचा एकदम आवाज, तो आनंदाचा की भीतीचा, मला कळेना.

अन्वीनं माझी बाही ओढली.

"आई," ती जर्मनमध्येच म्हणाली, "झी श्टेट. बघ ना. ती उभी आहे."

ताई